ऊन, ऊब, आच आणि धग

इंग्रजी भाषेत 'हीट' असा एक आखूड शब्द आहे. दोन-चार यत्ता शिकलेल्या मुलासही तो येतो, आणि अलीकडे आपल्या मावळातील वाड्यावस्त्यांवरही तो सर्रास कानी पडतो. आश्विन लागून आकाश निवळले व ऊन चटकू लागले की भोरच्या पेठेतील व्यापारी 'ऑक्टोबर हीट सुरू झाली' म्हणतो. घाट चढताना मोटारीचे यंत्र तापले की ते 'हीट झाले'. गाय माजावर आली की पशुवैद्याकडे 'गाय हीटवर आहे' असा निरोप जातो. आणि चैत्र-वैशाखात वेधशाळेचा इशारा येतो, तोही 'हीट वेव्ह'चा. शब्द एकच, पण यांतील प्रत्येक गोष्ट निराळी आहे व प्रत्येकीवरील उपायही निराळा आहे.

इंग्रजाला यात अडचण वाटत नाही. सूर्याची, चुलीची, रागाची, मिरचीची, जनावराच्या माजाची, इतकेच काय पण धावण्याच्या शर्यतीतील पहिल्या फेरीचीही तो 'हीट'च म्हणतो आणि संदर्भावरून काय ते समजतो. मोल्सवर्थ व कँडी या दोघा साहेबांनी इंग्रजी-मराठी कोश तयार करून १८४७ साली छापविला. असले शब्द मराठीत उतरविताना त्यांच्या शास्त्रीमंडळींची किती तारांबळ उडाली असेल, याची कल्पना ज्याने कधी भाषांतर केले असेल त्यालाच यावयाची. कारण आपल्याकडे ऊन आहे, ऊब आहे, आच आहे, धग आहे. ताव, ताप, झळ, उकाडा, रखरख, काहिली, तलखी आणि वणवा आहे. आणि भाजणे, शेकणे, उकडणे, करपणे, होरपळणे ही क्रियापदे वेगळीच. ही नावे बसल्या बसल्या कोणी घडविलेली नाहीत. उष्णता कोठून आली, कोरडी की ओली, किती वेळ लागली आणि तिने काय केले, एवढे सर्व एका शब्दात सांगण्याची ज्यांना गरज होती त्यांनी ती घडविली, आणि ती गरज मुख्यतः शेतकऱ्याचीच होती.

शेतीविषयक सल्ला आता भ्रमणध्वनीवर येतो, आणि तो बहुधा इंग्रजीवरून उतरविलेला असतो. त्यात या साऱ्यांच्या जागी 'उष्णता' हा एकच कोरडा शब्द पडतो. तो वाचून नेमके काय करावे हे ठरविताना आपलेच शब्द हाताशी असावेत, म्हणून त्यांपैकी काहींचा येथे विचार करितो.

प्रथम ऊन. हा शब्द संस्कृत 'उष्ण' यापासून आला, म्हणूनच ऊन पाणी आणि ऊन भात असेही आपण म्हणतो. मेंढीची लोकर म्हणजे जी ऊन ती 'ऊर्णा'पासून आली. दोन्ही शब्दांचे मूळ अगदी निराळे, पण मार्गशीर्षात पहाटे कळपाजवळ बसलेल्या धनगरास दोन्ही सारखीच प्रिय. ऊन खावे असे आपण म्हणतो आणि ऊन लागले असेही म्हणतो. पहिल्याने अंगास गुण येतो, दुसऱ्याने माणूस दगावतो. शेतीत उन्हाला औषधाप्रमाणे वापरता येते. गव्हाच्या काणीचे बीज दाण्याच्या आत गर्भाशी दडलेले असते, त्यामुळे वरून लावलेल्या साध्या औषधास ते दाद देत नाही. पंजाबात लायलपूर येथे लुथ्रा व सत्तार या शास्त्रज्ञांनी १९३४ साली यावर सोपा उपाय प्रसिद्ध केला. कडक उन्हाळ्यातील निरभ्र दिवशी सकाळी बियाणे चार तास पाण्यात भिजवावे आणि दुपारी पातळ थर देऊन उन्हात वाळवावे. भिजण्याने निद्रिस्त बुरशी जागी होते आणि जागी झालेली बुरशी उन्हाने मरते. गव्हाचा दाणा मात्र त्या तापात तगतो. थर जाड ठेवला तर वरचे दाणे तापतात व खालचे नुसते भिजके राहतात, आणि केलेले काम फुकट जाते.

नांगरलेली जमीन उन्हाळ्यात तापली पाहिजे, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. या तापण्याला जोर कसा आणावा हे इस्राएल देशात काटान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखविले. ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद ताणून, कडा मातीने दाबून तो भर उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे ठेवला असता वरच्या थरातील पुष्कळशा रोगकारक बुरशा व तणांचे बी मरते. कागद काळा नसावा, कारण काळा कागद स्वतः तापतो व ऊन खाली पोचू देत नाही. जमीन ओली हवी, कारण ओल्या मातीतून ताप खोल उतरतो. तरव्याच्या चार-दोन वाफ्यांपुरता हा उपाय करून पाहण्याजोगा आहे खरा. परंतु ज्या वाडीत वैशाखात पिण्याचा हंडा डोंगर उतरून आणावा लागतो तेथे जमीन भिजविण्याची गोष्ट काढणेच अवघड.

आता भाजण्याकडे वळू. आपल्या भागातील उष्णतेचा खरा इतिहास या एका शब्दात आहे.

भोर-वेल्ह्याकडे भाताच्या रोपास तरवा म्हणतात, आणि तरवा टाकावयाची जागा शिमगा झाल्यावर पावसापूर्वी भाजून ठेवण्याची चाल आहे. कोकणात हीच दाढ भाजणे. सरकारी कागदोपत्री तिला 'राब' म्हणतात. खाली शेणाचा थर, त्यावर झाडांच्या डहाळ्या, मग पालापाचोळा व गवत आणि सर्वांवर बारीक माती, अशी रचना करून ती पेटवितात. जाणता शेतकरी ती वाऱ्याच्या तोंडाकडून कधीच पेटवीत नाही. वारा ज्या बाजूस वाहत असेल त्या टोकाला तो विस्तव लावतो, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, अंगुळाअंगुळाने सरकते. भडका उडाला तर डहाळ्यांची राख होते आणि माती तशीच थंड राहते. धुमसत राहिले तर मातीला आच लागते. वर ज्वाळा दिसली म्हणजे खाली जमीन भाजली असे समजणारा मनुष्य तरव्याच्या कामाचा नव्हे.

या भाजण्यात गुण कशाचा, राखेचा की आचेचा, हा वाद जुना आहे. इंग्रजी अमलात जंगलखात्याने डहाळ्या तोडण्यावर बंधने घातली तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठे गाऱ्हाणे उठले. १८८५ साली नेमलेल्या मुंबई इलाख्याच्या जंगल कमिशनपुढे राबाचा प्रश्न आला, आणि राबावाचून भात होत नाही हा शेतकऱ्यांचा दावा खरा की तो केवळ रूढीचा हट्ट, याची चर्चा झाली. पुढे पुण्याच्या कृषिमहाविद्यालयात डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास केला व १९१२ साली तो प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसले की सारा गुण राखेत नाही. मातीस लागलेल्या तापाचा त्यात मोठा वाटा आहे. तापाने मातीतील अन्नद्रव्ये अधिक विरघळती होतात आणि चिकट मातीचा पोत बदलून ती भुसभुशीत होते. रोप उपटताना मुळे तुटत नाहीत, हा अनुभव प्रत्येक लावणीवालीस असतोच. विलायतेत रोदॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी १९०९ साली तापविलेल्या मातीवर जे प्रयोग केले त्यांतही अशा मातीत अमोनियाचे प्रमाण वाढते असे आढळले होते. याशिवाय तणांचे बी वरच्या थरात मरते. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर रोपांबरोबरच उगवणारे तण बायकांना किती दिवस वाकवून ठेवते हे ज्याला ठाऊक आहे तो या लाभास क्षुल्लक म्हणणार नाही.

म्हणजे आमच्या वाडवडिलांना रूढीचे दास म्हणणाऱ्यांची चूक होती. तथापि एवढ्यावरून राब जसाच्या तसा चालू ठेवावा असे मात्र आमचे म्हणणे नाही. शेण जाळले की त्यातील नत्र धुरावाटे जाते. शेतास पोसणारे खत आपण आकाशाला देतो. वर्षानुवर्षे डहाळ्या छाटल्याने ऐन-किंजळीची झाडे नुसते खुंट होऊन राहतात. आणि तिसरी गोष्ट वणव्याची. राजगड-तोरण्याच्या उतारांवर किंवा हिरडस मावळात फाल्गुन-चैत्राच्या रात्री डोंगरावर सापासारखी लाल रेघ चढताना पाहिली नाही असा वाचक या भागात विरळा. ती प्रत्येक वेळी बांधावरूनच सुरू होते असे नाही, पण कधी कधी होते, आणि मग भाजावयाचा होता चार वाफ्यांचा तरवा, भाजला गेला गावाचा चारा. आच ही माणसाच्या ताब्यातली. वणवा कोणाच्याच ताब्यातला नव्हे. ज्यांना अजून भाजणी करावयाची असेल त्यांनी वाफ्याभोवती दोन-तीन हात रुंदीची पट्टी गवत काढून स्वच्छ करावी, वारा पडलेला असताना काम करावे आणि पूर्ण विझल्यावाचून जागा सोडू नये.

न भाजताही चांगला तरवा होतो. तीन-चार हात रुंदीचे, चार बोटे उंचीचे गादीवाफे करून त्यांत कुजलेले शेणखत घालावे. डॉ. ना. के. सावंत यांनी जी चारसूत्री भातशेती रूढ केली तिचे पहिले सूत्र असे आहे की भाताच्या तुसाची काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो याप्रमाणे वाफ्याच्या मातीत मिसळावी. या राखेत सिलिका असते. तिने रोपाची पाने ताठ होतात, खोड कणखर होते आणि रोगाचा शिरकाव कमी होतो. भातगिरणीच्या मागे पडून वाऱ्यावर उडणारे तूस असे कामी येते. वाडवडिलांनी राखेत गुण पाहिला तो अगदीच व्यर्थ नव्हता. फक्त ती राख शेणाची व ऐनाच्या डहाळीची असावी लागत नाही.

आता ज्या शब्दाने आम्हांस फसविले तो सांगतो. भाताच्या पानांवर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखी व कडेला तपकिरी असे ठिपके पडतात, ते एकमेकांत मिसळून पान वाळते आणि दुरून पाहता सारे शेत विस्तवाची धग लागल्यासारखे दिसते. यास करपा हे नाव पडले. करपणे म्हणजे आचेने जळणे. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत असते की हा उन्हाचा किंवा पाण्याच्या ताणाचा परिणाम आहे आणि एखादी सर आली की पीक सावरेल. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. करपा ही बुरशी आहे, आणि तिला ऊन मानवत नाही. ढगाळ हवा, रिमझिम, गार रात्री, पानावर सकाळी उशिरापर्यंत टिकणारे दव आणि पंचवीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपासचे तापमान यांत ती फोफावते. म्हणजे श्रावण-भाद्रपदात घाटमाथ्याला जी हवा असते नेमकी तीच. त्यातून पीक काळेभोर दिसावे म्हणून युरियाची आणखी एक मूठ टाकली तर रोगास आमंत्रणच. कणसाच्या मानेवर हा रोग पडला तर मान मोडते व दाणा पोचट राहतो. तेव्हा उपायाची वेळ गेलेली असते. पान टोकापासून कडेकडेने पिवळे पडून वाळत जाते त्यास कडा करपा म्हणतात. तो जिवाणूंचा रोग, त्याची जात निराळी, आणि बुरशीचे औषध त्यावर चालत नाही. अशा वेळी पान तोडून हातात घ्यावे व ठिपका कसा आहे ते पाहावे. नावावरून निदान करू नये.

खऱ्या उष्णतेचा भातास धोका कधी, हेही सांगितले पाहिजे. फुलोऱ्यात असताना, विशेषतः सकाळी फूल उमलते त्या एक-दोन तासांत, पारा पस्तीस अंशांपलीकडे गेला तर परागकण निकामी होतात व लोंबीत पळिंजांचे प्रमाण वाढते. आपला खरिपाचा भात आश्विनाच्या आगेमागे फुलतो, तेव्हा मावळात सहसा इतकी उष्णता नसते. पण ज्यांनी धरणाच्या काठी उन्हाळी भात घेण्याचे मनात आणले असेल त्यांनी फुलोरा वैशाखात सापडणार नाही अशा बेताने पेरणी धरावी. सुवासिक भाताला तर दाणा भरताना हवा सौम्यच लागते. आंबेमोहोराचा वास ज्या सुगंधी द्रव्याने येतो ते तापाने उणावते.

वेधशाळेच्या इशाऱ्याविषयी थोडेसे. सपाटीवर कमाल तापमान चाळीस अंश, किनाऱ्यावर सदतीस आणि डोंगराळ मुलखात तीस अंश झाले, आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असले, म्हणजे उष्णतेची लाट समजतात. इशारा मात्र जिल्ह्याचा असतो. इंदापूर, भोर आणि वेल्ह्याचा घाटमाथा एकाच पुणे जिल्ह्यात, पण तिन्हींकडील हवा एक नाही. पूर्वेकडे जी रखरख असते ती कोरडी; तीत घाम निघाल्याबरोबर वाळतो आणि तहान लागते हे कळते तरी. ज्येष्ठात पावसाआधी आपल्याकडे जो उकाडा होतो त्यात पारा कमी असला तरी हवा ओलीने भरलेली असते, घाम वाळत नाही आणि अंगातील ताप बाहेर पडत नाही. म्हणून छत्तीस अंशांचा उकाडा कधी कधी चाळीस अंशांच्या रखरखीपेक्षा वाईट. धूळपेरणीच्या घाईत बैलांना व माणसांना दुपारची विश्रांती देण्यात कुचराई होते ती याच दिवसांत.

गुऱ्हाळातील आच हा विषय आपल्याकडे ऊस थोडा म्हणून थोडक्यात आवरतो. (भाटघरचे पाणी अडले आमच्या येळवंडीवर आणि उसाची गोडी लागली बारामती-इंदापूर-फलटणास, असो.) गुळव्या काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकून गोळी बोटांनी चाचपतो आणि चुलवाणाचा जाळ काढावयास सांगतो, तेव्हा पाकाचे तापमान सुमारे ११८ अंश असते. तापमापक आणून हे पडताळता येते. पण बोट आधीपासून बरोबर होते. लोहार विळ्याला ताव देतो तोही असाच, लोखंडाच्या रंगावरून.

माजाबद्दल मात्र एक सूचना अगत्याची आहे. इंग्रजी पुस्तकातील 'हीट' म्हणजे जनावराचा माज. कोणी शब्दशः 'जनावरास उष्णता' असे उतरविले तर भोळा वाचक थंड औषध शोधू लागेल आणि तोवर वेळ निघून जाईल. गाईचा माज दर एकवीस दिवसांच्या सुमारास येतो व एक दिवसाहून अधिक टिकत नाही. सकाळी लक्षणे दिसली तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करवावे. म्हशीत उन्हाळ्यात मुका माज असतो, ती ओरडत नाही. पहाटे व रात्री गोठ्यात जाऊन पाहिल्यावाचून तो कळत नाही.

शेवटी ऊब. झळ, धग, काहिली हे शब्द उच्चारतानाच माणूस मागे सरतो. ऊब म्हटले की जवळ येतो. भाताचे बियाणे चोवीस तास भिजवून, निथळून, पोत्यात भरून पेंढ्याखाली दाबून ठेवले की ऊब धरते आणि एक-दोन दिवसांत मोड फुटतो. ही ऊब बाहेरून येत नाही. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो आणि तीच त्याच्या श्वासाची उष्णता. पण याच ऊबेवरून 'उबणे' हे क्रियापद झाले, आणि त्याचा अर्थ धान्याचा नाश. एका साली काढणीच्या वेळी पाऊस लांबला. आमच्या घरी झोडलेले भात पुरते वाळले नव्हते, पण पुन्हा आभाळ भरून आले म्हणून घाईघाईने ते कणगीत ओतले व वरून शेणाने लिंपले. दाणा दमट होता, श्वास चालूच होता, आणि त्या उष्णतेला बाहेर जावयास वाट नव्हती. पौषात कणगी उघडली तेव्हा तोंडावर उबट वास आला. मधले धान्य पिवळे पडून गठ्ठे झाले होते. वरचे बरे दिसले म्हणून तेच बियाण्यास राखले, आणि मृगात त्यातला दहा दाण्यांतील एकही धड उगवला नाही. त्या वर्षी तरवा शेजाऱ्याकडून मागून आणावा लागला आणि आवणाला पंधरा दिवस उशीर झाला.

भात साठविताना ओल शेकडा चौदाच्या आत आणि बियाण्याची त्याहून थोडी कमी असावी. ओल मोजण्याचे यंत्र प्रत्येकाकडे नसते. दाणा दाताखाली धरला असता कडकन तुटला पाहिजे, चेपता कामा नये. आणि भरल्यावर पहिले महिनाभर आठवड्यातून एकदा ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून पाहावे. आत बाहेरच्याइतकेच गार लागले तर ठीक. किंचित ऊब लागली तर त्याच दिवशी, मजूर मिळो न मिळो, सारे धान्य बाहेर काढून खळ्यावर पातळ पसरावे.